नामंजुरीचं पत्र म्हणजे शेवट नव्हे

‘रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी सैनिकाची तपासणी करणारं लष्करी वैद्यकीय मंडळ) आजार सेवेशी संबंधित नाही म्हटलं की अपंगत्व पेन्शनचा विषय संपला’ असं माजी सैनिकांच्या पेन्शनवरच्या एका लेखातून वाटतं. ठाण्या-कळव्यातले कितीतरी माजी सैनिक याच समजुतीने गप्प बसतात, म्हणून लिहितोय.

आधी बोर्डाचा कागद, एएफएमएसएफ-१६, हातात घ्या. अपंगत्वाची टक्केवारी २० च्या खाली नाही ना, ते बघा. मग कारणाचा रकाना. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या केसमध्ये तिथे बहुधा एकच ओळ असते: ‘सुरुवात पीस स्टेशनला’, म्हणजे आजार शांत भागातल्या नेमणुकीत सुरू झाला. बस्स, एवढंच! धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आणि बोर्डाने ठोस कारणं द्यायची. म्हणून भरतीच्या वैद्यकीय तपासणीची प्रत मागवाच.

नामंजुरीचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. ते फेटाळलं तर दुसरं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. लोक अडकतात ते मुदतीत. पत्राचं पाकीट टाकून देतात आणि तारीख सिद्ध करता येत नाही. पाकीट जपा, अपील स्पीड पोस्टने पाठवा. कागद जुळवायला ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

३०% मंजूर असेल तर राउंडिंगने (टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेऊन) ५०% होतं का, हेही तपासा. सुप्रीम कोर्टाचा राम अवतार निकाल (२०१४) त्यावरच आहे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात, त्यांनी जुन्या निकालांवर विसंबण्याआधी ते वाचावेत.