पैसे भरून डिरेक्टरीत नाव टाकलं की सॉफ्टवेअर विकलं जातं?

परवा रात्री मामेभावाचा फोन. "दादा, पंचवीस हजार भरतोय, आज शेवटची तारीख आहे." सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांसाठी तो बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. वर्षभरात कशीबशी सहा गिऱ्हाइकं जमलीत. व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज त्याच्यापर्यंत पोचला होता: पेड डिरेक्टरीत, म्हणजे धंद्यांची यादी छापणाऱ्या वेबसाइटवर, पैसे भरून नोंद करा, गूगलच्या पहिल्या पानावर या, खात्रीशीर लीड (घेऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव-नंबर) मिळवा, डेमो देत दारोदार फिरणं बंद. आठवड्यात मला तो चौघांनी पाठवला. म्हणून एकदाच लिहितो.

पहिल्या पानाची बात साफ खोटी आहे. गूगलचे स्पॅमविषयीचे नियम उघडून बघा, कुणालाही वाचता येतात. रँकिंग वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं त्यात स्पॅम ठरवलंय, आणि हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांमधल्या लिंकांचं नाव घेऊन उदाहरण दिलंय. याहूची डिरेक्टरी धंदेवाल्यांकडून वर्षाला 299 डॉलर घ्यायची. तीसुद्धा 2014 अखेर बंद झाली. आणि गूगलवर आपल्या ऑफिसचं बिझनेस प्रोफाइल काढायला एक रुपया लागत नाही!

खात्रीशीर लीड मी स्वतः भोगल्यात. तीन वर्षांपूर्वी एका डिरेक्टरीला अठरा हजार भरले. नोंदीत 'सोलापूर' आणि 'टॉवेल' हे शब्द होते, त्यामुळे निम्मे फोन टॉवेलसाठीच. "लग्नात आहेराला द्यायचेत, दोनशे पाठवा." मी सॉफ्टवेअर विकतो हे सांगून सांगून थकलो. ज्या एका कारखानदाराला खरंच सॉफ्टवेअर हवं होतं, तो म्हणाला, "सकाळपासून तुम्ही चौथे." एकच लीड चौघांना विकलेली. वर्षात विक्री शून्य. वर दुसऱ्या वर्षाचे पैसे खात्यातून आपोआप कापले गेले, ते परत मिळवायला दोन महिने भांडलो. नवशिक्या पोराचं अशाने भांडवलच बुडतं, याचा मला राग आहे.

एक मान्य करावं लागेल. कॅप्टेरासारख्या साइटवर लोक सॉफ्टवेअरची तुलना करायलाच येतात. साधी नोंद फुकट, वर दिसायचं तर नोंदीवर पडणाऱ्या दर क्लिकमागे पैसे. देशभर क्लाउडवर विकणाऱ्याला, ऑनलाइन ट्रायल देणाऱ्याला ते परवडूही शकतं. पण आपला मुनीम तिथं जात नाही.

"शेवटची तारीख" तर रोजच असते. सोडा.

राहिलं दारोदार फिरणं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मुनीमजींशेजारी बसलो होतो. डाइंगला, म्हणजे रंगवायला, गेलेल्या सुताची चलनं (माल पाठवल्याच्या चिठ्ठ्या) त्यांनी वहीत लिहिलेली. असा जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, हा जीएसटीचा नियम. त्यांच्याच वहीतली चलनं मी स्क्रीनवर भरली आणि कुठल्या डाइंगवाल्याकडे किती किलो अडकलंय ते एका यादीत आलं. मुनीमजींनी चष्मा पुसून ती यादी दोनदा वाचली आणि शेठना हाक मारली. शेठनी तिथूनच शेजारच्या कारखान्यात फोन लावला. त्या एका दुपारीत दोन गिऱ्हाइकं झाली.

तर भावा, पैसे अजून भरले नसशील तर भरू नकोस. गुरुवारी अकराला चिंचोळीत एका कारखानदाराकडे जायचंय, त्यांना जॉबवर्कचा हिशेब बघायचाय. लॅपटॉप चार्ज करून ये.