गिफ्ट, विष आणि 'मुलगी कुठे दिली?'

परवा फॅमिली ग्रुपवर तो विनोद पुन्हा आला. स्वीडिश भाषेत 'विवाहित' आणि 'विष' यांना एकच शब्द आहे म्हणे. खाली काका-मामांचे हसून लोळणारे चेहरे. बायकांपैकी कुणी हसलेलं दिसलं नाही.

माहिती खरी आहे. स्पेलिंग आपल्या ओळखीच्या 'गिफ्ट'चंच, उच्चार साधारण 'यिफ्त'. नॉर्वेजियन आणि डॅनिशमध्येही हे दोन्ही अर्थ आहेत. पण मूळ अर्थ ना लग्न, ना विष. मूळ अर्थ 'देणं'. इंग्रजी 'गिव्ह' त्याच घरातला.

मग विष कुठून आलं? ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत, म्हणजे 'दिलेलं'. (आपला 'डोस' तोच. आणि संस्कृत 'दा' धातू, 'दान', हे त्याचे लांबचे भाऊबंद!) हा शब्द लॅटिनमधून जर्मन वैद्यांकडे आला आणि त्याच चालीवर त्यांचं 'गिफ्ट', म्हणजे 'दिलेलं', आधी मात्रा आणि पुढे विष झालं. विषाला सरळ विष म्हणायला माणूस बिचकतोच. आपणही 'त्याला काहीतरी खायला घातलं' एवढंच म्हणतो. आज जर्मनीत 'गिफ्ट' लिहिलेल्या बाटलीला हात लावू नये. जुना अर्थ तिथे 'मिटगिफ्ट'मध्ये मात्र टिकून आहे. सोबत दिलेलं, म्हणजे हुंडा!

फ्रेंचांचं 'प्वाझों', म्हणजे विष, हेही मुळात लॅटिनमधला साधा 'घोट'.

आता लग्न. स्वीडिशमध्ये विवाहित म्हणजे मुळात 'दिलेली'. बापाने दिलेली मुलगी. जुन्या इंग्रजीत तर हाच शब्द वधूमूल्यासाठी होता. 'भेट' हा अर्थ व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेने पक्का केला. म्हणजे बायको विषारी म्हणून शब्द एक झाला, हे साफ चूक. देण्याच्या दोन वाटा फुटल्या, एवढंच.

मला खटकतं ते पुढचं. स्वीडनमध्ये आज नवराही 'यिफ्त' आणि बायकोही 'यिफ्त'. कोणी कोणाला दिलं हे त्या शब्दातून पार पुसलं गेलंय. आपल्याकडे कन्यादान आहेच, वर रोजच्या बोलण्यात 'थोरली साताऱ्याला दिली, धाकटीचं बघतोय'. मुलगा 'दिला' असं आपण फक्त दत्तक देताना म्हणतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्यावर मामांचा एकच प्रश्न आला, 'ते असू दे, तुझ्या नणंदेची मुलगी कुठे दिली?'