हुबेहूब दिसणारे मासे वेगळे का मानायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

केरळच्या विहिरींत सापडणाऱ्या आंधळ्या कॅटफिशवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि खाली सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. त्यात इतके मुद्दे आहेत की कमेंटच्या चौकटीत उत्तर मावणार नाही, म्हणून वेगळी पोस्ट लिहितो आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिसायला हुबेहूब सारखे असलेले मासे डीएनएच्या टक्केवारीवरून वेगवेगळ्या प्रजातींत टाकणं हा नुसता नावं वाढवण्याचा उद्योग आहे. डीएनएत सात टक्क्यांहून अधिक फरक दिसला की वेगळी प्रजाती, ही रेघ कुणीतरी मनाने ओढलेली आहे. ज्या माशाच्या शरीरात युगानुयुगं काही बदललंच नाही, त्याच्या बाबतीत उत्क्रांतीची भाषा कशाला? आणि विहिरीच्या तळाशी काय राहतं हे कळून तिथल्या माणसांचं भलं काय होणार?

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी आधी माशाबद्दल. हॉराग्लानिस हा आपल्या मागुरच्या कुळातला मासा, पण लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. डोळे नाहीतच. कातडीत रंगद्रव्य नसल्यामुळे आतलं रक्त दिसतं आणि अख्खा मासा लालसर गुलाबी भासतो. तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. जांभ्याच्या थरांत जे भूजल साठतं त्याच्या फटींतून आणि पोकळ्यांतून तो फिरतो. विहीर खणताना, उपसताना, कधी पंपातून टाकीत चढून आला तरच तो माणसाच्या दृष्टीस पडतो. पहिल्या प्रजातीचं वर्णन ए. जी. के. मेनन यांनी १९५० मध्ये केलं, कोट्टयमच्या विहिरींतल्या माशांवरून. गटाला नाव दिलं ते मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचं. याच होरांनी १९३८ मध्ये पुण्याच्या नदीतल्या ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिसचं वर्णन केलं होतं. छातीवरच्या कातडीच्या घड्यांनी खडकाला चिकटून राहणारा हा छोटा कॅटफिश आज धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

मी ज्या संशोधनावर लिहिलं होतं ते २०२३ चं. राजीव राघवन, राल्फ ब्रिट्झ, आपले पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि त्यांचे सहकारी यांनी सहा वर्षं गावोगावच्या लोकांच्या मदतीने हे मासे गोळा केले आणि चौथी प्रजाती जाहीर केली: हॉराग्लानिस पॉप्युली. नावं वाढवण्याचा आरोप करताना एवढं लक्षात घ्या, की हे नाव ज्यांनी आपल्या विहिरीतला मासा जपून कळवला त्या सामान्य लोकांच्या सन्मानार्थ आहे.

आता सात टक्क्यांचं. टक्केवारी एकटी पुरेशी नसते, हा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. पण रेघ कुठे आणि कशी ओढली ते पाहा. मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय नावाच्या जनुकाची अक्षरं इथे ताडून पाहिली. माशांच्या बाबतीत या जनुकात साधारण दोन टक्के फरक दिसला की अभ्यासक सावध होतात, वेगळी प्रजाती असू शकते असं म्हणतात. हॉराग्लानिसमध्ये एकाच प्रजातीच्या आतसुद्धा भरपूर फरक निघाला. नावांचीच हौस असती, तर दोनाची पट्टी लावून याहून कितीतरी जास्त नावं पाडता आली असती. संशोधकांनी तसं केलं नाही. शंभर अक्षरांमागे सातांहून अधिक फरक आणि वंशवृक्षावर स्वतंत्र, सलग फांदी, असं दोन्ही जिथे दिसलं तिथेच त्यांनी वेगळेपण मान्य केलं. पॉप्युलीची फांदी तर उरलेल्या तिन्ही प्रजातींच्या मुळाशी सुटते. म्हणजे बाकी तिघी एकमेकींना जितक्या जवळच्या आहेत, तितकी ही त्यांच्यापैकी कुणालाच नाही. हा इतिहास डोळ्यांना दिसत नाही म्हणून घडलाच नाही, असं कसं म्हणायचं?

तुम्ही जीवशास्त्र शिकवलंत, म्हणून उत्क्रांतीबद्दलचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शरीर बदललं नाही, मग उत्क्रांती कुठे झाली? जांभ्याच्या पोटात उजेड नाही, ऋतूंचा फेरा जवळपास जाणवत नाही, हालचालीला जागा चिंचोळी. अशा ठिकाणी जे शरीर एकदा नेमकं बसलं त्यापासून जरा ढळलेलं पिल्लू तगत नाही. नैसर्गिक निवड काम करतेच आहे, फक्त ती बदल घडवण्याऐवजी बदल छाटण्याचं काम करते आहे. डोळ्यांचं मात्र उलट. अंधारात डोळ्यांच्या जनुकात बिघाड झाला तरी त्याची शिक्षा कुणाला होत नाही, मग असे बिघाड साठत जातात आणि डोळा जातो. आणि सीओआयच्या अक्षरांतले बरेचसे फरक तर प्रथिनात काहीच बदल करत नाहीत. निवडीला ते दिसतच नाहीत, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या साचत राहतात. दोन गटांमध्ये अशा फरकांचा ढीग साचलेला असेल, तर बराच काळ त्यांचा आपसात संकर झालेला नाही, एवढा निष्कर्ष निघतो. बाहेरून शांत आणि आतून इतकं दूर गेलेलं हे रूप मला तरी कुठल्याही रंगीबेरंगी माशाहून अधिक थक्क करतं.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मात्र मला अजिबात पटलेलं नाही: "डोळ्याला जे दिसतं तेच खरं वर्गीकरण." कॅटफिशच्या अभ्यासात या विश्वासाने वारंवार फसवलं आहे.

अगदी ताजं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये मोरोक्कोतल्या क्रेटेशियस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या दिवसांतल्या, एका छोट्या जीवाश्माचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव अफ्रोकास्कुडो. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, म्हणून संशोधकांनी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या चिलखती कॅटफिशच्या कुळात ठेवलं. आपल्याकडे मत्स्यालयाची काच साफ करायला जो सकर मासा आणतात, तो याच कुळातला. हे खरं असतं तर चिलखती कॅटफिशचा इतिहास आफ्रिकेत जाऊन पोचला असता. पण वर उल्लेख केलेले ब्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी लेखी हरकत घेतली: हा कॅटफिश नाहीच, गार नावाच्या पुरातन माशांच्या नात्यातल्या एका प्रजातीचं ते पिल्लू आहे. मूळ लेखकांनी आपली बाजू सोडली नाही. मला ब्रिट्झ यांचं म्हणणं जास्त पटतं. सर, या वादात डीएनएचा संबंधच नव्हता. सगळं भांडण हाडांवरून, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून झालं.

दुसरं मेक्सिकोचं. चियापासमधल्या लाकांतून नदीतल्या एका मोठ्या कॅटफिशचं २००५ मध्ये वर्णन झालं, लाकांतुनिया एनिग्मॅटिका. त्याचा सांगाडा अमेरिकेतल्या कुठल्याच कुळात बसेना, म्हणून स्वतंत्र कूळ करावं लागलं. दोन वर्षांनी जनुकांचा अभ्यास आला आणि त्याचे सगळ्यात जवळचे नातलग निघाले आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यात. त्यांची ताटातूट झाल्याचा अंदाज थेट क्रेटेशियसच्या उत्तरार्धात, डायनासोरांच्या दिवसांत जातो. आसपासच्या नद्यांतल्या माशांशी तुलना करत बसलं असतं तर हे कधीच हाती लागलं नसतं.

पण जनुकं म्हणतील ती पूर्व दिशा, असंही कुणी मानत नाही. चिली आणि अर्जेंटिनात डिप्लोमिस्टिड नावाचे थोडे कॅटफिश आहेत. त्यांच्या वरच्या जबड्याच्या एका हाडावर अजून दात आहेत, जे बहुतेक सगळ्या जिवंत कॅटफिशमध्ये उरलेले नाहीत. त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं की कॅटफिशच्या वृक्षावरची पहिली फांदी त्यांची. २००६ मध्ये सलिव्हन, लुंडबर्ग आणि हार्डमन यांनी दोन जनुकांच्या आधारे मांडलं की पहिली फांदी दक्षिण अमेरिकेतल्या चिलखती माशांच्या गटाची असावी. यावर वाद झाले, अजून होतात. हाडांचे अभ्यासक आणि जनुकांचे अभ्यासक एकमेकांना उलट प्रश्न विचारतात, पुष्कळदा ती एकच माणसं असतात. मला तरी हा शास्त्राचा निरोगीपणा वाटतो.

नावांच्या भरमसाट संख्येबद्दलही तुम्ही लिहिलंत. २००७ मध्ये कार्ल फेरारिस यांनी जगातल्या कॅटफिशची यादी छापली तेव्हा जिवंत प्रजाती भरल्या ३,०९३. आज हा आकडा चार हजारांच्या वर आहे. पण त्या यादीत शेकडो नावं दुबार म्हणून बादही झाली, हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आणि नव्या प्रजातींची वर्णनं आजही मुख्यतः दात, काटे, मणके, मिशा मोजूनच लिहिली जातात. बाजारातला शिंगाळा हातात घेऊन पाहा. पाठीवरचा काटा एकदा ताठ उभा राहिला की दाबून खाली बसत नाही, कारण त्याच्या पुढचं एक छोटं हाड खिट्टीसारखं अडकतं. म्हणून कोळणी आधी काटे मोडतात. या काट्याच्या कडेचे दाते कोणत्या दिशेला वळलेत, किती आहेत, यावर आजही प्रजाती ओळखल्या जातात.

आता उपयोगाचं. इथे मला केरळपेक्षा आपल्या ताटातलं उदाहरण द्यायचं आहे. आपल्या मागुरला पुस्तकांतून वर्षानुवर्षं क्लॅरियस बॅट्रॅकस म्हटलं गेलं, म्हणजे भारतापासून इंडोनेशियापर्यंत पसरलेला एकच मासा. इतक्या मोठ्या मुलखात आहे म्हटल्यावर काळजी कोण करणार? २००८ मध्ये इंग आणि कॉटेलाट या मत्स्यशास्त्रज्ञांनी दाखवलं की खरा बॅट्रॅकस जावाचा. आपल्याकडचा तो क्लॅरियस मागुर, हॅमिल्टनने १८२२ मध्येच वर्णन केलेला. वेगळा मोजायला लागल्यावर लक्षात आलं की आपला मागुर झपाट्याने कमी होतो आहे, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याची नोंद धोक्यातली प्रजाती म्हणून केली. वर "थाई मांगूर" या नावाने विकला जाणारा आफ्रिकन क्लॅरियस गॅरिपिनस. त्याच्यावर बंदी आहे, महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय खात्याने तळीच्या तळी रिकामी करून तो नष्ट केला, तरी चोरून पाळला जातोच. देशी मादी आणि आफ्रिकन नर यांच्यापासून संकरित पिल्लं काढल्याच्या नोंदी आहेत. "मागुर तो मागुर, फरक काय पडतो" असं म्हणत राहिलो असतो, तर काय हरवतंय हे कळलंसुद्धा नसतं.

विहिरीतल्या माशाचंही तसंच आहे. चार प्रजाती म्हणजे एकमेकींपासून दीर्घकाळ तुटलेले चार वेगळे वंश. एका ठिकाणचा जांभा चिऱ्यांसाठी खणून काढला, बोअर मारमारून पाणी खाली नेलं किंवा विहिरींत बेसुमार ब्लीचिंग पावडर ओतली, तर तिथली प्रजाती दुसरीकडून येऊन भरून निघणार नाही. लोकांनी ब्लीचिंग टाकू नये असं मी म्हणत नाही, पिण्याचं पाणी आहे ते. पण ज्या पाण्यावर माणसं जगतात त्याच पाण्यात हे मासे जगतात, आणि त्या थरात काय चाललं आहे याची खबर आपल्याला दुसऱ्या कोणत्या प्राण्याकडून मिळणार?

शेवटी तुम्ही विचारलंत की मुलांना यात काही करता येईल का. येईल. जांभ्याचा दगड केरळात आहे तसाच तुमच्या रत्नागिरीतही आहे. विहीर उपसायच्या दिवशी मुलांना काठावर थांबवा. फिकट किंवा लाल, डोळे नसलेला, बोटभर लांबीचा मासा दिसला तर त्याच विहिरीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा, नळाच्या पाण्यात नको. बाजूने आणि वरून असे दोन फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. विहिरीची खोली, तारीख आणि गावाचं नाव लिहून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा, आणि ते सांगतील तोवर बादली सावलीत झाकून ठेवा.