टाके चौथ्या दिवशी का घातले: आपल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

आपला रिव्ह्यू काल रात्री वाचला. वडिलांना घेऊन चाळीस मिनिटं बाहेर बसावं लागलं, त्याबद्दल क्षमा मागतो. मी तेव्हा आत हर्नियाच्या ऑपरेशनला होतो, ते अर्ध्यावर सोडून येता येत नाही. पण सिस्टरनी तेवढं बाहेर येऊन सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. चूक आमची.

आता उरलेलं. आपण लिहिलंय की वडिलांच्या पायाला ऊस तोडताना कोयता लागला, जखम मोठी होती, तरी डॉक्टरांनी टाके घातले नाहीत, चार दिवस जखम मुद्दाम उघडी ठेवली आणि परत बोलावून दुसरं बिल काढलं. गावातला कंपाउंडर पंधरा मिनिटांत शिवून देतो, असंही लिहिलंय. यातला ‘मुद्दाम’ हा शब्द खरा आहे. जखम मी मुद्दामच उघडी ठेवली. बिलासाठी ठेवली, हे मात्र फार लागलं.

पेशंटचं काही मी चारचौघांत बोलत नाही. जखमेचं आपणच लिहिलंत म्हणून तेवढ्यापुरतं बोलतो. कोयता संध्याकाळी लागला आणि काका आमच्याकडे आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. सोळा तास होऊन गेले होते. रात्रभर जखमेत हळद आणि चहापूड दाबून वर धोतराचं फडकं बांधलेलं होतं. रक्त थांबावं म्हणून घरच्यांनी मायेनं केलं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण तशी जखम हातात आल्यावर डॉक्टरनं काय करायचं, ते ठरलेलं आहे.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं. मग भूल देऊन सलाइनच्या चार बाटल्या, म्हणजे दोन लिटर, धारेनं जखमेत सोडल्या. तिसरी बाटली चालू असताना कातडीखालच्या खोबणीतून पाचटाचा एक तुकडा बाहेर आला. करंगळीच्या नखाएवढा, भिजून काळा पडलेला. तो मी ट्रेमध्ये ठेवून काकांना दाखवला. ते म्हणाले, “हे कुठं जाऊन बसलं होतं?” आपण त्या वेळी पोर्चमध्ये फोनवर होतात. तो तुकडा आपण पाहिला असता तर हा रिव्ह्यू आलाच नसता असं मला अजूनही वाटतं.

टाके घातले म्हणजे जखम बरी झाली, असं नसतं. टाके फक्त कडा जुळवून धरतात, भरून काढायचं काम शरीर करतं. आत घाण, मेलेलं मांस राहिलं आणि वरून शिवलं, तर पू बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यातून माती आणि शेणखतातल्या जखमेत धनुर्वाताचे, आणि मांस झपाट्यानं सडवणाऱ्या गॅस गँगरीनचे जंतू असू शकतात, आणि त्यांना हवा न लागणारी बंद जागाच हवी असते. सहा-आठ तासांच्या आतली, स्वच्छ कापलेली जखम मी लगेच शिवतो. चेहऱ्याची असेल तर उशिरा आलेलीही बहुधा शिवता येते, कारण तिथं रक्तपुरवठा भरपूर. नडगीवर कातडीखाली लगेच हाड. तिथं घाई करायची नाही.

हे काही मी मनानं काढलेलं नाही. 1914 ते 1918 च्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खत घातलेल्या शेतांत जखमी झालेल्या सैनिकांच्या जखमा आधी लगेच शिवल्या गेल्या. त्या सडल्या, कित्येकांचे पाय गेले, जीव गेले. तेव्हा सर्जन मंडळींनी मेलेला भाग कापून काढणं, जखम उघडी ठेवणं आणि चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली की शिवणं ही रीत पक्की केली. आजही तीच शिकवतात. आणि आपल्याकडे सुश्रुतानं तर शिवण्याचे वेल्लितक, गोफणिका असे चार प्रकार सांगताना हेही सांगून ठेवलंय की धूळ, केस, नखं, हाडाचे तुकडे काढल्याशिवाय शिवलं तर जखम पिकते. पंधरा मिनिटांत शिवून देणाऱ्यानं एवढं तरी वाचलेलं असावं.

चौथ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा आत लालबुंद, दाणेदार मांस आलं होतं, वास नव्हता, पू नव्हता. तेव्हा सहा टाके घातले. प्रत्येक टाक्यात दोऱ्याचा एक फेरा दूरून आणि खोल, परतीचा फेरा कडेला लागून वरवर, म्हणजे खाली पोकळी राहत नाही आणि कडा आत मुडपत नाहीत.

विरघळणारा दोरा न वापरता काळा नायलॉन वापरला तो पुन्हा चक्कर मारायला लावण्यासाठी, असंही आपण म्हणता. नायलॉनचा दोरा एकेरी, गुळगुळीत असतो. विरघळणारा जो नेहमी वापरतात तो अनेक बारीक धागे गुंफून केलेला असतो, त्याच्या धाग्यांच्या फटींत जंतू धरून राहतात. एकदा घाण झालेल्या जखमेच्या कातडीत तो मी घालणार नाही. टाके काढायचे पैसे आम्ही घेत नाही, आपल्याकडूनही घेतले नाहीत.

बिलाचा फोटो आपण टाकलाय, त्यात फक्त खालची रक्कम दिसते. वरचा भाग मुडपला गेलाय. दुसऱ्या बिलात माझ्या फीच्या रकान्यात शून्य आहे. दोरा, भूल, ड्रेसिंग आणि औषधं, एवढंच लावलंय. कृपया पूर्ण कागदाचा फोटो टाकावा, एवढी एक विनंती.

आमचं हॉस्पिटल बारा खाटांचं आहे, कर्ज अजून फिटायचंय. लोक आता येण्याआधी मोबाइलवर स्टार बघतात. आपला रिव्ह्यू आल्यापासून दोघांनी फोन करून विचारलं, “तुमच्याकडे जखमा उघड्या ठेवतात का?” एकवीस वर्षं मी या गावात रात्री-अपरात्री दार उघडतोय, त्यामुळे हे ऐकायला जड गेलं.

पेशंटसोबतच्या माणसाला सगळं नीट समजावून सांगायची पद्धत आम्ही सुधारतो आहोत, ओपीडीत फलकही लावू.

काकांचे टाके परवा निघाले, जखम कोरडी आहे. पण चौदा दिवसांच्या जखमेत मूळच्या कातडीच्या दहाव्या हिश्शाएवढीच ताकद असते, ऐंशी टक्क्यांच्या आसपास यायला तीन महिने लागतात. त्यांना निदान महिनाभर उकिडवं बसून खुरपणी करू देऊ नका, आणि पायाला धक्का लागेल असं काम सांगू नका. मध्येच लाली किंवा ठणका वाटला तर सरळ घेऊन या, केसपेपर काढायची गरज नाही.