शेखाडीने आरडीएक्स आणलं म्हणता? मग ट्रक कुणी सोडले तेही लिहा

दर 12 मार्चला फिरणारा तो फॉरवर्ड यंदा माझ्या मावशीपर्यंत पोचला. माझं आजोळ रायगड जिल्ह्यातलं दिवेआगर, किनाऱ्याच्या रस्त्याने श्रीवर्धनकडे निघालं की शेखाडी लागतं. मावशीने मजकूर मला पाठवला आणि खाली विचारलं, "आपल्या शेजारच्या गावाने केलं होतं का रे हे?" म्हणून हे लिहितोय. नाहीतर असल्या मजकुराला उत्तर देत बसायला मला वेळ नाही.

मजकूर थोडक्यात असा: 1993 चे मुंबईचे बॉम्बस्फोट शेखाडी-दिघीच्या गावकऱ्यांनी घडवले, अख्खं गाव सामील होतं. कुणालाही शिक्षा झाली नाही. शरद पवारांनी नसलेला तेरावा स्फोट सांगितला. दुसऱ्याच दिवशी मुंबई कामाला लागली. आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, 'या गावांत पर्यटनाला जाऊ नका.'

सोपं आधी उरकतो. शिक्षा झाली नाही हे धादांत खोटं आहे. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने 100 जणांना दोषी ठरवलं. याकूब मेमनला 30 जुलै 2015 रोजी नागपूरच्या तुरुंगात फाशी दिली. अबू सालेमला 2017 मध्ये जन्मठेप झाली. टायगर मेमन आणि दाऊद हाती लागले नाहीत याचा राग मलाही आहे, पण त्याचा अर्थ 'कुणालाही नाही' असा होत नाही. मुंबई दुसऱ्या दिवशी कामाला लागल्याचं म्हणाल, तर स्फोट झाले शुक्रवारी. शेअर बाजाराच्या इमारतीतच पहिला स्फोट झाला होता, आणि तो बाजार उघडला सोमवारी. 257 माणसं गेली, 700 हून जास्त जखमी झाली. 'स्पिरिट'चं कौतुक त्यांच्या घरच्यांना सांगून बघा.

तेराव्या स्फोटाचं मात्र खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्फोट बारा झाले होते, तेव्हा मुख्यमंत्री असलेल्या पवारांनी मशीद बंदर या मुसलमान वस्तीच्या भागाचं नाव मनाने जोडलं आणि पुढे ते स्वतःच कबूलही केलं. पुन्हा दंगल पेटू नये म्हणून असं केलं, असं त्यांचं म्हणणं. मुख्यमंत्र्याने आकडा फुगवावा का, यावर खुशाल भांडा. त्याचा शेखाडीशी संबंध काय?

आता शेखाडी. सर्वोच्च न्यायालयाचा 21 मार्च 2013 चा निकाल आहे, न्यायमूर्ती सदाशिवम आणि चौहान यांचा. जाडजूड आहे, पण सगळा वाचायची गरज नाही, माल उतरवण्याचा आणि कस्टम-पोलिसांचा भाग वाचा. जानेवारी 1993 मध्ये दिघीला हत्यारं उतरली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडीला दोनदा माल उतरला, त्यात आरडीएक्स हे स्फोटक होतं. माल पाकिस्तानातून आला, स्फोटांच्या कटातल्या पोरांना प्रशिक्षणही तिथेच मिळालं, हे न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय. इथले लँडिंग एजंट, म्हणजे किनाऱ्यावर चोरटा माल उतरवून देणारे, होते, त्यांना शिक्षा झाल्या, माल उतरवणारे हातही इथलेच होते. हे मी लपवत नाही. चांदीच्या तस्करीची त्या किनाऱ्याला सवय होती, हेही खरं.

पण ट्रक समुद्रातून थेट दादरला उगवत नाहीत. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. अडवल्या! म्हणजे मुंबईत स्फोट व्हायच्या दोन महिने आधी हत्यारांच्या गाड्या पोलिसांच्या हातात होत्या. तिथे लाचेचा सौदा झाला. रोख कमी पडली म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. तारण! सावकारसुद्धा गहाण ठेवून घेताना वस्तू नीट बघून घेतो, यांनी ट्रकमध्ये काय आहे ते बघायची तसदी घेतली नाही. चांदी समजून सोडल्या असं कुणी म्हणेल. मग चांदी तरी सोडायची होती का?

आणि हे एका फाट्यावरच्या चार शिपायांपुरतं नव्हतं. कस्टमचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा, म्हणजे ज्यांनी हा किनारा राखायचा तेच, टाडा न्यायालयात दोषी ठरले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांच्या हाताखालचे कस्टम अधिकारी आणि रायगडचे पोलीसही दोषी ठरले. ती यादी काढून नुसती आडनावं वाचा. फॉरवर्ड बनवणाऱ्याने त्यातलं एकही का घेतलं नाही, ते लगेच कळेल. त्याला एकाच धर्माची नावं हवी होती, आणि सरकारी गणवेशातली तर मुळीच नको होती.

राहिला बहिष्कार. शेखाडीच्या त्या किनारी रस्त्याला आता लोक गाडी थांबवून फोटो काढतात, आणि आसपासच्या गावांत घरगुती जेवण आणि दोन खोल्या भाड्याने देऊन लोकांचं पोट चालतं. त्यात कोळी आहेत, कुणबी आहेत, कोकणी मुसलमान आहेत. वाढप करणारी निम्मी पोरं 1993 मध्ये जन्मलीही नव्हती. त्यांच्याकडचं जेवण बंद पाडून कुठल्या स्फोटाचा सूड उगवणार आहात? गोंडघर फाट्यावर, किंवा मुंबईतल्या कस्टमच्या कचेरीत जाऊ नका, असं मात्र त्या मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही.