‘सेट’चे 430 अर्थ मोजले, ‘लागणे’ कुणी मोजलं?

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मजकूर फिरतोय: ‘इंग्रजीत सेट या एका शब्दाला 430 अर्थ आहेत, हा विक्रम. मराठीत असा एकही शब्द नाही, म्हणून मराठीत नेमकं बोलता येत नाही.’

आकडा हवेतला नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989च्या दुसऱ्या आवृत्तीतला आहे. विक्रम मात्र शिळा झाला. पुढच्या संपादनात एकट्या ‘रन’ क्रियापदाच्याच 645 छटा निघाल्या. शिवाय छटा म्हणजे स्वतंत्र अर्थ नव्हे. गजर, जेवणाचं टेबल, गाण्याची चाल यांचं ‘सेट’ कोश वेगवेगळं मोजतो. आपण तिन्ही ‘लावतो’.

‘एका शब्दाला’ हेही अर्धवट. क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, तर डिनर सेटमधलं, म्हणजे संचाच्या अर्थाचं, नाम फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आलेलं. म्हणजे घराणी दोन, आणि 430 हा आकडा त्यातल्या एकट्या क्रियापदाचा.

मराठीत एकही नाही? ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, विहिरीला पाणी लागतं, दूध बुडाला लागतं, तो माझा मामा लागतो. मुंबईला निघालं की आधी इगतपुरी लागते, मग कसारा घाट, आणि घाटात काहींना गाडी लागते. अर्थ खरंच वेगळे आहेत का, हे तपासायला दोन्ही कर्ते एकाच क्रियापदाला जोडून पाहा. ‘मला भूक आणि कसारा लागला’ ऐकून हसू येतं, म्हणजे अर्थ वेगळे. ‘तहान आणि भूक लागली’ खपतं, म्हणजे अर्थ एकच. ही चाळणी ‘सेट’ला लावली तर 430 मधले बरेच गळतील.

राहिला नेमकेपणा. इंग्रजीत सूर्य, दही, मोडलेलं हाड सगळं ‘सेट’ होतं; आपल्याकडे सूर्य मावळतो, दही लागतं, हाड जुळतं. नेमकं कोण बोलतंय?

जिथे आपण हा शब्द घेतला, तिथे तो आवळून घेतला. द्राक्षबागेत ‘सेटिंग’ म्हणजे फुलोऱ्यानंतरची मणीधारणा, दुसरं काही नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला की गळ आणि कूज होते नि सेटिंग बिघडतं. बांधकामावर मात्र हाच शब्द फसवतो. साध्या पोर्टलँड सिमेंटचं प्राथमिक सेटिंग 30 मिनिटांच्या आत सुरू होऊ नये आणि अंतिम 600 मिनिटांत व्हावं, असं मानक सांगतं. पण सेट होणं म्हणजे फक्त लवचीकपणा जाणं. मजबुती पुढे वाढत राहते, चाचणी 28 दिवसांची असते. ‘सेट झालं’ म्हणून घाईने टेकू काढले तर स्लॅब वाकतो, तडकतो.

कांद्याबद्दलच्या इंग्रजी लेखात ‘सेट’ आला तर तो संच नव्हे. लागवडीसाठी राखलेले बारके कांदे. आपल्याकडे मुख्यतः रोपं लावतात, त्यामुळे तिथलं वेळापत्रक इथल्या वाफ्यावर जसंच्या तसं लावू नका.