नेटवर्क आपल्या बापाचंच आहे, बिनधास्त वापरा

ॲडमिशनच्या दिवशी तुमच्याकडून कॉम्प्युटर वापराच्या नियमांच्या कागदावर सही घेतली असेल. ती वाचून केली असेल तर तुम्ही पीएचडीला चुकून आलात असं समजा. आमच्यासारखे सहा-सहा वर्षं मुरलेले लोक तो कागद डब्याखाली अंथरतात. तरी नवीन पोरं येऊन विचारतात की नक्की कसं वागायचं, म्हणून अनुभवाचं थोडं सांगतो.

सुरुवात पासवर्डपासून. युजरनेम तोच पासवर्ड ठेवा, लक्षात राहतो. फारच धाकधूक वाटली तर नाव उलटं लिहा, कोणाला कळणारे. (१९८८ साली कळलं होतं, ते पुढे येतंच.) गाइडचा पासवर्ड तर तुमच्याकडे असणारच, कारण सरांचे मेल, सरांचे फॉर्म, सरांचं रेल्वेचं तिकीट सगळं तुम्हीच करता, तर तो चिठ्ठीवर लिहून लॅबच्या मॉनिटरला चिकटवा म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी सरांचं अडत नाही. उद्या त्या मेलवरून कोणी भलतंच काही पाठवलं तर संशय अख्ख्या लॅबवर जाईल, एकट्या तुमच्यावर नाही. याला टीमवर्क म्हणतात.

आता आदर्श हवा असेल तर रॉबर्ट मॉरिस. अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा ग्रॅज्युएट स्टुडंट, म्हणजे आपल्यातलाच माणूस. २ नोव्हेंबर १९८८ ला त्याने एक छोटासा प्रोग्राम इंटरनेटवर सोडला, आणि तोही कॉर्नेलहून नाही, तिकडच्याच एमआयटी या दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या मशीनवरून, म्हणजे बिल दुसऱ्याच्या नावावर. मशीनमध्ये शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक म्हणजे हाच आपला फॉर्म्युला, युजरनेम, मग उलटं युजरनेम, आणि सोबत नेहमीच्या ४३२ पासवर्डांची यादी. बरं, पोराने विचार केला नव्हता असंही नाही हो. मशीनवर आपली कॉपी आधीच असेल तर नवीन कॉपीने थांबायचं असं ठरलं होतं, पण एखाद्या ॲडमिनने मशीनला खोटंच ‘आहे आहे’ म्हणायला शिकवलं तर काय, म्हणून मग सातातून एकदा उत्तर काहीही आलं तरी शिरायचंच. त्या सातातल्या एकाने घात केला. एकेका मशीनवर कॉप्यांच्या वर कॉप्या चढल्या आणि मशिनी बसल्या. तेव्हा अख्ख्या इंटरनेटवर ६०,००० च्या आसपास कॉम्प्युटर, त्यातल्या साधारण ६,००० ना लागण झाली असा अंदाज होता. शिक्षा काय झाली, ३ वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. आणि पुढे साहेब त्याच एमआयटीत प्रोफेसर झाले! तेव्हा करिअरचं टेन्शन घेऊ नका. फक्त एवढंच की त्याचे वडील एनएसएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत, कॉम्प्युटर सुरक्षेचेच शास्त्रज्ञ होते. तुमच्या वडिलांचं काय ते तुम्ही बघा.

हॉस्टेलवर नेट स्लो असणारच. मग घरचा जुना वायफाय राउटर आणा आणि भिंतीतली वायर त्याच्या कुठल्याही भोकात खुपसा, पिवळ्या का निळ्या असले प्रश्न कंप्युटर सायन्सवाल्यांना पडतात. लॅनच्या, म्हणजे घरातली मशिनं जोडायच्या, भोकात गेली की तुमचा राउटर पूर्ण मजल्याला आयपी ॲड्रेस वाटायला लागतो, प्रसादासारखे. सगळ्यांच्या मशीनला वाटतं आपल्याला पत्ता मिळाला, पण त्या पत्त्यावरून जायला रस्ताच नाही. मजल्यावर बोंबाबोंब होते, नेटवर्क सेंटरचा माणूस सुट्टीच्या दिवशी घरचं जेवण टाकून येतो, एकेक खोली ठोठावतो. तुम्ही पण सगळ्यांबरोबर पॅसेजमध्ये उभं राहून युनिव्हर्सिटीला शिव्या द्या. मी दिल्या आहेत. कोणाला संशय येत नाही.

रिसर्च पेपरांचं म्हणाल तर सरकारने जर्नल वाचायला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलंय, ३ वर्षांना ६,००० कोटी, जवळपास १३,००० जर्नल. पण कॅम्पसबाहेर असलात तर त्यासाठी लॉगिन करावं लागतं आणि ते करायला दोन मिनिटं लागतात, त्यापेक्षा टेलिग्रामवर अनोळखी माणसाकडून पीडीएफ मागायला पाऊण तासच लागतो. किंवा मग सरळ स्क्रिप्ट लिहा आणि रात्रभरात जर्नलचे सगळे अंक उतरवून ठेवा, वाचायचे नसले तरी. प्रकाशकाच्या सर्व्हरला ते दिसतं आणि तो तुम्हाला एकट्याला नाही, युनिव्हर्सिटीच्या आयपीलाच कुलूप लावतो. सकाळी मराठी विभागापासून मायक्रोबायोलॉजीपर्यंत कोणालाच काही उघडत नाही. असली सर्वधर्मसमानता एरवी कॅम्पसवर कुठे दिसते सांगा.

क्लस्टर, म्हणजे मोठ्या गणितांसाठी एकत्र जोडलेल्या सामाईक मशिनी, असेल तर जॉब लॉगिन नोडवरच, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या मशीनवरच चालवा, रांगेत कशाला उभं राहायचं. बाकीच्यांना फाईलींची यादी बघायला साधं ‘एलएस’ टाईप करून चहा पिऊन यावं लागलं तर त्यात त्यांचंच भलं, तेवढेच पाय मोकळे होतात.

सॉफ्टवेअर क्रॅकच वापरा. सोबतच्या फाईलमध्ये ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, इतके प्रामाणिक चोर कुठे मिळतात. अपडेट मात्र कधी करू नका, ऐन प्रेझेंटेशनला रिस्टार्ट मागतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, म्हणजे फाईली कोंडून खंडणी मागणारं व्हायरससारखं प्रकरण, आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच येऊन पडला होता, पण दोन महिन्यांत एवढी घाई कोण करतं?

राहता राहिलं बॅकअप. त्याची गरज नसते. २०२१ च्या डिसेंबरात जपानच्या क्योटो युनिव्हर्सिटीच्या सुपरकॉम्प्युटरवरचा तब्बल ७७ टेराबाइट डेटा उडाला, आणि उडवला कोणी, तर बॅकअपच्याच स्क्रिप्टने. मग आपण मेंदू का शिणवायचा. थीसिस एकाच पेनड्राइव्हवर ठेवा, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘सर म्हणाले तसं फायनल’ अशी नावं द्या आणि गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनला लावा, जिथे रोज पन्नास पेनड्राइव्ह येऊन जातात. परत आल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतील, घाबरायचं नाही, शॉर्टकट म्हणजे काम लवकर होतं.

अजून बरंच सांगायचं होतं पण मगाचपासून माझी हार्डडिस्क टक् टक् आवाज करतेय. तुमच्यापैकी कोणाच्या पेनड्राइव्हवर मी दिवाळीच्या आधी चौथं चॅप्टर टाकलं होतं, प्लीज आठवा. फॉरमॅट करू नका, मी खाली कँटीनशी येतोय.